थांबता येईल अशी माणसं

कैरीचा पहिला वास आला की मला अजूनही हात धुवावेसे वाटतात. परवा मंडईतून येताना सहज चार कैऱ्या पिशवीत टाकल्या, घरी येऊन ओट्यावर ओतल्या, आणि काही कळायच्या आत परातीत खायच्या सोड्याचं पाणी करून त्यात बुडवूनही ठेवल्या. माझी बायको मेधा मागून आली. परातीकडे बघत म्हणाली, "अरे, साथ संपून जमाना झाला. कधीपर्यंत आंघोळी घालणार आहेस त्यांना?" मी ओशाळलो. पण ती परात तिनंही लगेच रिकामी केली नाही. आम्ही दोघंही थोडा वेळ त्या पाण्यातल्या कैऱ्यांकडे बघत उभे राहिलो.

चैत्र-वैशाखाचं आमच्याकडे असं होतं. इतरांना या दिवसांत आंबे आठवतात, सुट्ट्या आठवतात. मला जेवणाच्या टेबलावर स्पीकरवर ठेवलेला फोन आठवतो आणि लसणाच्या सालांचा ढीग आठवतो. शहर बंद होतं आणि आमचं घर दिवसभर बोलत होतं.

आम्ही कात्रजला राहतो, चौथ्या मजल्यावर. एरवी आमच्या गॅलरीत बोगद्याकडे जाणाऱ्या ट्रकांशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही. त्या उन्हाळ्यात ट्रक गेले आणि त्यांच्या आवाजाखाली इतकी वर्षं काय काय दबून होतं ते वर आलं. पहाटे प्राणिसंग्रहालयातला वाघ ऐकू यायचा. दुपारी तांबट पक्ष्याची टुकटुक. मोर तर कधीही. मी आयटीतला माणूस, बेडरूममध्ये इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप मांडून ऑफिस चालवत होतो. मीटिंगमध्ये मोर ओरडला की आमचा बंगळूरचा मॅनेजर काळजीनं विचारायचा, घरात लहान मूल रडतंय का. पहिल्या वेळी मी खरं सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही. मग मी नुसतं 'हो' म्हणायला लागलो.

मेधा डॉक्टर आहे. आठवड्यातून दोन-तीन दिवस ती इस्पितळात जायची. परत आली की चपला, पर्स, डबा सगळं दारातल्या टबात, आणि ती थेट बाथरूममध्ये. ती अंघोळ करून बाहेर येईपर्यंत मी आतल्या खोलीतून हलायचं नाही, हा नियम तिचाच. बाहेर आली की नाकावर मास्कचा वळ दिसायचा आणि कानामागची कातडी सोलवटलेली. गॅलरीतल्या दोरीवर धुतलेले कापडी मास्क वाळत असायचे. दरवर्षी या दिवसांत त्या उन्हात आमच्याकडे साबुदाण्याच्या पापड्या असतात. मला भीती वाटायची. हे आडून सांगण्यात अर्थ नाही, भीतीच वाटायची. सकाळी ती गाडी काढताना मी गॅलरीत उभा राहायचो, ती वर बघून हात हलवायची, आणि त्या हात हलवण्यात मला उगाचच काहीतरी अशुभ दिसायचं. मग मी आत येऊन लॅपटॉप उघडायचो.

तिचं काम पोटाचं. दुर्बिणीची बारीक नळी तोंडातून आत सोडायची आणि अन्ननलिका, जठर डोळ्यांनी बघायचं. डॉक्टर त्याला एंडोस्कोपी म्हणतात, तिचे पेशंट 'नळी घालणं' म्हणतात, आणि आमच्या घरातही पेशंटांचाच शब्द रुळला आहे. नळी घशातून जाताना माणूस हमखास खोकतो, त्याला उमासे येतात. एरवी त्याचं कुणाला काही वाटत नाही. त्या उन्हाळ्यात त्या एका खोकल्यातून खोलीतल्या सगळ्यांना रोग लागू शकत होता. म्हणून अंगभर घालायचे ते पांढरे पोशाख आले, आणि तेही मोजकेच मिळायचे. एकाची नळी झाली की खोली पुसायची, खिडक्या उघडायच्या आणि बराच वेळ रिकामी ठेवायची. ज्या खोलीत सकाळभर रांग लागायची तिथं दिवसाला दोन-तीन माणसं व्हायला लागली. उरलेल्यांना थांबा म्हणून सांगायचं.

थांबा कुणाला म्हणायचं, हे मेधाकडे आलं. विभागात तीच ज्येष्ठ.

दोन टोकं सोपी होती. रक्ताची उलटी झाली, घशात हाड अडकलं, तर विचार करायचाच नाही, लगेच बोलवायचं. जुनी जळजळ, नेमानं करायची फेरतपासणी, यांना नंतर. पंचाईत सगळी मधल्यांची. त्यांच्या आत काही असेलही, नसेलही. लवकर बोलावलं तर इस्पितळाच्या दारातच साथीनं गाठायची भीती, त्यातून माणूस वयस्कर असेल, मधुमेहाचा असेल, तर बोलायलाच नको. उशिरा बोलावलं तर आतलं दुखणं काही आपल्यासाठी खोळंबून राहत नाही. रोज नवनवीन सूचना यायच्या, पत्रकं यायची, आणि बहुतेकांचा शेवट एकाच सल्ल्यावर व्हायचा की डॉक्टरांनी तारतम्यानं ठरवावं. मेधा ते मला वाचून दाखवायची आणि म्हणायची, "घ्या. सगळा बाजार बंद आहे, तारतम्य कुठल्या दुकानात उघडं आहे तेवढं सांगत नाहीत."

मग तिनं फोन करायला सुरुवात केली. घरी असायची त्या दिवशी सकाळचा चहा झाला की ती टेबलाशी बसायची. फोन स्पीकरवर, समोर सोलायला लसूण नाहीतर शेंगा. हाताला काम असलं की कान मोकळे राहतात, असं तिचं म्हणणं. थांबवून ठेवलेल्या माणसांना एकामागून एक ती स्वतः फोन लावायची. आणि दुखतं का, हे आधी विचारायचीच नाही. तिचा पहिला प्रश्न असायचा, "काय जेवलात?"

मला ते विनोदी वाटायचं. मी एकदा म्हणालो, "तू डॉक्टर आहेस की खानावळ काढलीयस?"

"अरे, दुखतं का विचारलं की माणूस माझ्याकडे बघून उत्तर देतो," ती म्हणाली. "घाबरट असला तर वाढवतो, भिडस्त असला तर लपवतो. जेवणाचं विचारलं की जे पानात होतं तेच सांगतो."

तिच्या डोक्यात एक जिना होता. भाकरी, पोळी, मऊ भात, पेज, पाणी. अन्ननलिका आतून अरुंद होऊ लागली की माणूस हा जिना एकेक पायरी उतरतो. आधी भाकरी अडकते, मग पोळी नकोशी होते, मग भात पातळ लागायला लागतो. भाकरी जात असेल तर थांबता येतं. पेजेवर आलेला माणूस थांबवायचा नसतो. दुसरा प्रश्न वजनाचा. घरोघरी काही वजनकाटे नसतात. म्हणून बायकांना ती विचारायची, बांगड्या कोपराकडे सरकतात का. खेड्यातल्या पुरुषांना विचारायची, करगोटा सैल झालाय का. कमरेला बांधलेला तो काळा दोरा वजनकाट्याचं काम करतो, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं.

आमच्या धंद्यात प्रत्येक तक्रार तातडीची असते. अमेरिकेतल्या कुठल्याशा दुकानाच्या पानावर बटण दोन सेकंद उशिरा उमटलं तरी लाल खूण करून आम्हाला झोपेतून उठवतात. त्यामुळे तातडीचं काय आणि थांबण्याजोगं काय, याची मोठी जाण आपल्याला आहे असा माझा समज होता. मी उत्साहानं तिला एक शीट करून दिली. वय टाका, लक्षण टाका, शेवटी आकडा येतो आणि चौकोन लाल, पिवळा किंवा हिरवा होतो. तिनं दोन दिवस मन लावून भरली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "छान आहे रे. फक्त यात आवाजाचा कॉलम कुठाय? परवा फोनवर इंदूताई 'बरं आहे' म्हणाल्या तेव्हा त्यांना वाक्य संपवता आलं नाही, ते मी कुठल्या चौकोनात भरू?" शीट तिथंच संपली. मला थोडं लागलं, पण तिचं म्हणणं बरोबर होतं.

दुपारी काम नसलं की मी चहाचा कप घेऊन उगाच स्वयंपाकघरात रेंगाळायचो आणि ते फोन ऐकायचो. हडपसरच्या आजी, धनकवडीचे रिक्षावाले काका, विदर्भातून इथं कारखान्यात कामाला आलेला आणि खोलीत एकटा अडकलेला तरुण. मेधा कुणालाही तोडायची नाही. गायीचं ऐकायची, नातवाच्या ऑनलाइन शाळेचं ऐकायची, सोसायटीतल्या भांडणाचं ऐकायची. आमच्या ऑफिसात असा फोन झाला असता तर पाचव्या मिनिटाला कुणीतरी 'मुद्द्यावर येऊ या' म्हणालं असतं. मी तिला तसं चिडवायचोही. ती म्हणायची, "मुद्दा त्यांनाही ठाऊक नसतो. तो मधेच कुठंतरी येऊन जातो."

रोज न चुकता एक फोन मात्र उलट दिशेनं यायचा. कसबा पेठेतले शाळिग्रामकाका. बटणं, लेस आणि अस्तराचं दुकान. पूर्वी त्यांना अल्सर होऊन गेला होता, त्याची फेरतपासणी राहिली होती. त्यांची गल्ली दोन्ही बाजूंनी पत्रे आणि बांबू ठोकून बंद केलेली. घरात बसून त्यांचा सगळा खवचटपणा साचून राहायचा आणि सकाळी दहाच्या सुमाराला आमच्याकडे मोकळा व्हायचा.

"डॉक्टर, शाळिग्राम बोलतोय. अजून जिवंत आहे, कळवावं म्हटलं. नळीची तारीख देताय, की पत्रिका बघून मुहूर्त काढू?"

"काका, काय जेवलात?"

"पोळी, भाजी, आमटी, भात. आणि सुनेची बोलणी. सगळं व्यवस्थित पचलं."

मेधा हसायची आणि म्हणायची, "मग अजून थांबता येईल." त्यावर ते म्हणायचे, "थांबतो. पत्रे ठोकलेत, जाणार कुठं?" असं दोनदा की तीनदा त्यांना पुढं ढकललं गेलं. अखेर एका गुरुवारची तारीख मिळाली तेव्हा त्यांनी अगदी शांतपणे 'आभारी आहे' म्हटलं, आणि त्यांच्या तोंडी ते इतकं अनोळखी वाटलं की मेधानं तब्येत बरी आहे ना म्हणून पुन्हा विचारलं.

आणि मांजरी गावचे अप्पा होते. साठी ओलांडलेले, घरचा ऊस, दोन गायी, जुना मधुमेह आणि आयुष्यभराची तंबाखू. साथ सुरू व्हायच्या जरा आधी घास अडकल्यासारखा वाटतो म्हणून ते मेधाला दाखवून गेले होते. नळीची तारीख ठरली आणि सगळं बंद झालं. मधल्या माणसांतले ते अगदी मधले. अडकल्यासारखं वाटणं म्हणजे साधी सूज असू शकते, आणि ज्याचं नाव घरात कुणी काढत नाही ते दुखणंही असू शकतं. तंबाखूनं खंगलेल्या छातीचा, मधुमेहाचा माणूस. साथीनं गाठलं असतं तर त्यातून उठणं कठीण होतं. म्हणून मेधा त्यांना दर आठवड्याला फोन करायची, आणि फोन संपला की हुश्श करायची.

"काय जेवलात, अप्पा?"

"भाकरी खाल्ली की. जवारीची."

"केवढी?"

"येक आख्खी."

"घशात अडकते का?"

"न्हाई न्हाई. जाती की खाली."

"आणि करगोटा?"

"घट्ट हाय, मॅडम. एकदम घट्ट."

भाकरी जाते. करगोटा घट्ट. म्हणजे अप्पा जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर होते. "थांबता येईल," ती माझ्याकडे बघून म्हणायची, आणि तिच्या खांद्यावरचं एक ओझं त्या आठवड्यापुरतं कमी झालेलं मला दिसायचं.

एका सकाळी अप्पा गोठ्यात होते म्हणून फोन त्यांच्या बायकोनं उचलला. मेधा त्यांना काकी म्हणायची. काकींना बोलायला माणूस हवंच होतं. गाय आटली, रसवंत्या बंद असल्यानं ऊस तसाच उभा, शेजारच्या सुनेला दिवस गेलेत, सगळं झालं. मेधा लसूण सोलत ऐकत होती. मी कॉफी करायला आलो होतो आणि भुवया उंचावून घड्याळाकडे बोट दाखवत होतो. तिनं लक्ष दिलं नाही. सहज विचारावं तसं म्हणाली, "आज भाजी काय केलीत?"

"भाजी कशाला करू, मॅडम? ह्यास्नी भाजी नगंच वाटती. दूधभाकरी. सकाळी भाकरी चुरून दुधात घालून ठेवती. दुपारपतूर पार लोण्यावानी हुती. मग खात्यात चमच्यानं."

लसणाची पाकळी तिच्या हातातच राहिली.

"कधीपासून, काकी?"

"झालं की. शिमग्यापास्नं."

"आणि कोरडी भाकरी? तुकडा मोडून, कालवणाबरोबर?"

"ती कुठली आता. टोचती म्हनत्यात."

मेधा अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "त्यांचा करगोटा घट्ट आहे ना?"

"व्हय. जुना पार खाली घसराय लागला हुता, म्हनून पाडव्याला नवा बांधला."

तिनं फोन ठेवला. मी गॅस बंद केला. अप्पा एक अक्षर खोटं बोलले नव्हते. त्यांनी भाकरीच खाल्ली होती, आख्खी खाल्ली होती, आणि ती खाली गेली होती. करगोटाही घट्टच होता. ज्या घरात दूधभाकरी तान्ह्या लेकरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे खातात, त्या घरात भाकरी चुरली म्हणून तिचं नाव बदलत नाही. आणि मेधा काही परदेशातून आलेली नव्हती. ती बार्शीकडची, दूधभाकरीवर वाढलेली. "मी स्वतः खाऊन मोठी झाले रे ती," ती म्हणाली, "आणि मला विचारायचं सुचलं नाही."

माझ्यासारखा माणूस इथं दिवसभर हळहळत बसला असता. तिनं हात धुतले, चष्मा पुसला आणि पहिल्या माणसापासून सगळ्यांना पुन्हा फोन लावायला घेतले. "काय जेवलात" च्या पुढं आता एक नवा प्रश्न आला होता. "मोडून खाता की चुरून?" पोळीवाल्यांना, "आमटीत कुस्करता का?" भातवाल्यांना, "तूप किती, पाणी किती?" संध्याकाळपर्यंत तिचा आवाज बसला. कुणालाही ती घाईत वाटली नाही. कुणालाही आपल्यात काही बिघाड सापडतोय असं वाटू दिलं नाही. गप्पा मारता मारता हडपसरच्या आजींनाही तिनं लवकरची तारीख देऊन टाकली. मी दारातून बघत होतो. लग्नाला इतकी वर्षं झाली होती. हुशार बायको मिळाली हे मला ठाऊक होतं, पण त्या दिवशी मला तिचा जो आदर वाटला तो नवा होता, आणि तो सांगायची पद्धत मला माहीत नव्हती. मी तिच्यासमोर गरम पाणी आणि मध ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गॅलरीत मास्कांना चिमटे लावत उभी होती. "बोलावलं आणि साथ लागली, तर माझ्यामुळे," ती म्हणाली. "नाही बोलावलं आणि आत असलं, तरी माझ्यामुळे."

मी म्हणालो, "दोन्हींतलं ज्यात धोका कमी, ते..."

"कमी-जास्त मला कळतं रे. दोन्हीकडे नाव माझंच आहे, एवढंच सांगत होते." तिनं शेवटचा चिमटा लावला. "बोलवू या त्यांना. या गुरुवारी."

पण गुरुवार भरलेला होता. इतरांना हलवणं शक्य नव्हतं. हलवता येण्याजोगं नाव एकच, शाळिग्रामकाका. इस्पितळातून कुणालाही फोन करायला सांगता आलं असतं. तिनं स्वतः केला. मी ऐकत होतो, आणि खरं सांगायचं तर काका आता काय ऐकवणार याची धास्ती मलाच होती.

तिनं नाव न घेता सगळं सांगितलं. एक पेशंट आहेत, त्यांना थांबवणं बरोबर नाही, तुमची जागा हवी आहे. काकांनी एवढंच विचारलं,

"किती वर्षांचे आहेत ते?"

"बासष्ट."

"मी एकाहत्तर. म्हणजे लहान आहेत माझ्यापेक्षा. पंगतीत लहानांना आधी वाढतात." मग घसा खाकरून म्हणाले, "दुकान बंद, देऊळ बंद, गल्ली बंद. माझं तोंडही बंदच राहू द्या आणखी काही दिवस. सूनबाई तुम्हाला दुवा देईल." मेधा आभार मानायला लागली तर फोन आधीच ठेवलेला होता.

गुरुवारी अप्पा पुतण्याच्या दुधाच्या टेम्पोतून आले. दुधाच्या गाड्यांना परवानगी होती. मेधानं त्यांची वेळ सगळ्यांत आधीची ठेवली होती, म्हणजे खोली ताजी पुसलेली आणि कॉरिडॉर मोकळा. मागच्या दारानं आत, कुठं बाकावर बसायचं नाही, झालं की त्याच दारानं बाहेर. काकी रिकाम्या कॅनशेजारी टेम्पोतच बसून राहिल्या. मी त्या दिवशी तीन मीटिंगांमध्ये काय बोललो ते मला आठवत नाही.

दुपारी ती आली. टब, बाथरूम, सगळे नियम झाले. ओल्या केसांनी येऊन समोरच्या खुर्चीवर बसली. "आहे," ती म्हणाली. "अन्ननलिकेच्या खालच्या भागात. नळी जेमतेम पुढं गेली." पुढचं सगळं आता स्कॅनवर होतं. ते झालं. दुखणं बाहेर पसरलेलं नव्हतं. "ऑपरेशन होईल," ती म्हणाली. "पावसाळ्यानंतर बघू म्हटलं असतं तर नसतं झालं."

तरी सुटका नव्हती. आता दुसरी भीती. इस्पितळात येऊन गेलेल्या अप्पांना साथ लागली का, हे कळायला थांबावंच लागणार होतं. रोज सकाळी पहिला फोन मांजरीला. "काकी, ताप?" "न्हाई." "खोकला?" "न्हाई, मॅडम. नेहमीचा तंबाखूचा हाय त्योच." त्या दोन 'न्हाई' कानावर पडेपर्यंत ती चहाला हात लावायची नाही. दिवस गेले. ताप आला नाही.

शाळिग्रामकाकांची नळी पुढं महिन्याभरानं झाली. आत सगळं स्वच्छ होतं. मेधानं आनंदानं सांगितलं तर म्हणाले, "एवढी वाट बघून काहीच निघालं नाही? थोडं काहीतरी तरी सांगा हो, पेठेत विचारतील."

त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला लोकांनी गॅलऱ्यांत येऊन थाळ्या वाजवल्या होत्या. मीही वाजवली होती, आमच्या कढईवर झारा आपटून. मेधा आतून म्हणाली होती, "पोचा पडेल तिला." तेव्हा जे कौतुक करत होतो ते पांढऱ्या पोशाखांतल्या शूर माणसांचं होतं, आणि ते चुकीचंही नव्हतं. पण शौर्याचं दुसरं एक रूप मी घरात पाहिलं, आणि ते लसूण सोलत, काकींच्या गायीचं ऐकत बसलं होतं. सगळ्यांच्या वाट्याला अप्पांसारखं आलं नाही, हेही लिहायला हवं. काही फोन वाजत राहिले आणि कुणी उचलले नाहीत. एक-दोन माणसांना तिनं थांबा म्हटलं आणि ती थांबू शकली नाहीत. त्यांची नावं ती काढत नाही, मीही विचारत नाही. कैऱ्यांच्या परातीसमोर ती गप्प उभी राहते तेव्हा त्यांतलंच कुणी तिच्या मनात असावं, असा माझा अंदाज आहे.

गाठ आकसावी म्हणून अप्पांना आधी काही महिने औषधं चढवली, मग दिवाळीच्या सुमाराला ऑपरेशन झालं. कित्येक दिवस पेज, मग मऊ भात. मेधाचा जिना ते एकेक पायरी वर चढत होते. पुढचा उन्हाळा आला तो पहिल्यापेक्षा वाईट. पुन्हा सगळं बंद, पुन्हा टब, पुन्हा दोरीवर मास्क. रोज कुणाची ना कुणाची बातमी यायची. अशाच एका सकाळी अप्पांच्या पुतण्याचा व्हिडिओ कॉल आला. मेधानं मला हाताला धरून शेजारी बसवलं.

पडद्यावर अप्पा. गळ्याची हाडं वर आलेली, दाढी केलेली, टोपी नीट घातलेली. पुढ्यात ताटली, ताटलीत अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. वाडगा नव्हता, चमचा नव्हता.

"मॅडम, तुमी हो म्हनला म्हनून आज पैल्यांदाच खातोय," ते म्हणाले. "तुमच्यासमोर खावी म्हनलं."

"छोटा तुकडा घ्या, अप्पा. चावून चावून."

अप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला. तो मोडल्याचा बारीक आवाज फोनमधून आला. त्यांनी तो कॅमेऱ्याजवळ धरला, इकडून तिकडून दाखवला. "कोरडी हाय, मॅडम. बघून घ्या."

मग तोंडात घातला आणि चावायला लागले. ते किती वेळ चावत होते. मेधाचे डोळे भरून वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती, तिची नजर त्यांच्या गळ्यावर होती, आणि तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की मला दुखत होतं. अप्पांनी डोळे मिटले. कंठमणी वर गेला, क्षणभर तिथंच राहिला आणि खाली आला.

पडद्याबाहेरून काकींचा आवाज आला.

"उतरला. उतरला बघा, मॅडम."